माळव्यातल्या दुर्मीळ रेकॉर्डी : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

साहित्य : चालू स्थितीतला एक टेपरेकॉर्डर, एक षट्कोनी पेन्सिल, घरात सोशीक स्वभावाचं एक माणूस आणि देवासला किंवा धारला राहणारे एक काका. टेपरेकॉर्डर जुन्या बाजारात मिळतो, पेन्सिल कुठंही मिळते, सोशीक माणूस बहुधा आधीच घरात असतं. काका मात्र स्वतः शोधावे लागतात.

अमेरिकेत जॅझच्या हरवलेल्या रेकॉर्डी शोधणारे लोक म्हणे तळघरं धुंडाळतात. आपल्याकडं तळघरं नसतात, माळे असतात. माळ्यावर चढण्यापूर्वी काकांच्या घरी निदान तीनदा पोहे खाऊन झालेले असावेत. पोह्यांवर शेव घालून घ्यायची आणि सोबतच्या जिलबीला नाही म्हणायचं नाही. पहिल्याच भेटीत ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारणारा कायमचा बाद होतो.

आता थोडी भाषा. ‘मला कुमार गंधर्व आवडतात’ हे वाक्य देवासमध्ये उच्चारू नये. ते ‘मला पाणी आवडतं’ म्हणण्यासारखं आहे. वाणी जयराम यांच्याबरोबरचं ‘ऋणानुबंधाच्या’ ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी येत असेल तर येऊ द्या, पण घरी. इथं म्हणायचं, ‘आजारातून उठल्यावरचं पहिल्या काळातलं काही मिळेल का?’ पार्श्वभूमी माहीत असावी म्हणून सांगतो : बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा, तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करणारा, मुंबईत देवधर मास्तरांकडे तयार झालेला, १९४८ साली क्षय घेऊन देवासला आला. कोरडी हवा मानवेल म्हणून आला. एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलं, काही वर्षं गाणं बंद राहिलं. खाटेवर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायांची गाणी आणि नाथपंथी जोगड्यांची भजनं कानांवर पडत राहिली. पुढचं सगळं त्यातून आलं. थोडक्यात, देवासमध्ये नुसतं पडून ऐकण्याची परंपरा आहे. तुम्हीही सतरंजीवर आडवं व्हायला हरकत नाही.

काळानुसार ऐकावं असं पुस्तकी लोक सांगतात. तसं करायचं तर १९०२ पासून सुरुवात करा. त्या वर्षी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं आणि तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणारे शेवटी स्वतःचं नाव पुकारत. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात आलाप, बंदिश, तान आणि नाव. आज तासाभराच्या ख्यालात इतकं नेमकं बोलणारे कितीसे सापडतात, हा प्रश्न काकांना विचारू नका. ते उत्तर देतील.

अठ्ठ्याहत्तरी तबकडी लावताना गवयाची पट्टी ठरवण्याआधी यंत्राच्या वेगावर शंका घ्यावी. चावी सैल पडली की खाँसाहेब अर्धा सूर खाली येतात, आणि नवशिका लिहून ठेवतो : ‘उतारवयातलं गंभीर गायन’.

एल. पी. आली तशी एक बाजू वीस मिनिटांवर गेली. इथं कुमारांची ‘त्रिवेणी’ आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ मिळतील. त्या दुर्मीळ नाहीत, म्हणून संग्राहक त्या ऐकत नाहीत. तुम्ही ऐका आणि गप्प बसा. लगनगंधार, सहेली तोडी, गांधी मल्हार ही त्यांच्या रागांची नावं पाठ असली की निम्मं काम होतं. राहिलेल्या निम्म्यासाठी मौजेनं १९६५ साली काढलेलं ‘अनूपरागविलास’ मांडीवर उघडं ठेवावं. वाचता आलं नाही तरी चालतं, पानं उलटत राहावं.

‘गीतवर्षा’ ऐकायला मांडूला जायची हौस धारच्या प्रत्येक नवशिक्याला एकदा येते. आषाढ, जहाज महाल, ढग, रूपमती वगैरे. मीही गेलो होतो. रेकॉर्डमधला पाऊस कुठला आणि छत्रीवरचा कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि टेपरेकॉर्डर पुढं आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवावा लागला. ही चूक धारहून मांडूपर्यंतच्या पस्तीस-एक किलोमीटरांत सुधारता येते; वाटेत कुठंही परत फिरता येतं.

खरा माल कॅसेटवर असतो. घरगुती मैफलींची टेप, तिच्यावरून काढलेली टेप, आणि तिच्यावरून काढलेली तिसरी. प्रत्येक पिढीला खरखर वाढते, तशी मालकाची प्रतिष्ठाही. नवशिक्यांनी खरखरीवर राग धरू नये. दोन-तीन आठवड्यांत कान तिच्यामागं जायला शिकतो. तंबोरा जुळवणं, कुणाचं तरी खोकणं, कपबशीचा आवाज, ‘वाह’ म्हणणारा एक अनोळखी गळा. तो कोण असावा यावर आमच्या इंदूरच्या मंडळींत दोन तट आहेत आणि एका लग्नात ते वेगवेगळ्या पंगतींत बसले.

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तिसाव्या मिनिटाला संपते. विलंबित नेमका तेव्हा उघडायला लागलेला असतो. खट्. उलटी करून घाला : आवाज मधल्याच तानेत, समेच्या पलीकडं. मध्ये गेलेलं ते अर्धं-एक मिनिट या जगात कुठंच नाही. नवशिक्याचा संग्राहक इथं होतो. काकांकडं त्याच मैफलीची दुसऱ्या कोपऱ्यातून घेतलेली टेप आहे असं कळतं, आणि तुम्ही पोह्यांच्या चौथ्या बशीला तयार होता. काका म्हणतात, ‘आहे ना. पण देत नाही, ऐकवतो.’ आणि तुम्ही मध्येच काही बोललात तर, ‘मी ऐकून राहिलो आहे ना, चूप बस.’ देवासच्या मराठीत याचा अर्थ नकार असा होत नाही.

सर्वांत कठीण धडा मुद्दाम मागं ठेवला. देवासमध्ये ‘कुमारांच्या आधी कोण?’ असं विचारलं की जुनी माणसं कानाची पाळी धरतात. उस्ताद रजब अली खाँ, १८७४ ते १९५९. बीनकार बंदे अली खाँ यांच्या तालमीचे, तापट, आणि तानेच्या बाबतीत कुणालाच न ऐकणारे. १९५४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा ऐंशीचे होते. आपल्यापर्यंत जे थोडं पोहोचतं ते याच वयातलं. आवाज थकलेला, दम तुटणारा, आणि मध्येच एखादी तान अशी जाते की टेप मागं घ्यावी लागते. पेन्सिल तेव्हासाठी. भर उमेदीतल्या ज्या रजब अलींचं नाव निघालं की लोक पाळी धरतात, ते माळ्यावर नाहीत, जुन्या बाजारात नाहीत, पैसे देऊनही नाहीत. ती रेकॉर्ड हरवलेली नाही. ती निघालीच नव्हती.

ती ऐकायची पद्धत पुढीलप्रमाणे. काका उठतात, पंखा बंद करतात, आणि इंदूरच्या अमीर खाँची एक एल. पी. लावतात. तुम्ही म्हणता, ‘पण मी रजब अली...’ ते हात दाखवतात. बराच वेळ काही होत नाही. मग द्रुतात एका ठिकाणी, फार तर चार-पाच सेकंद, काकांचं बोट वर जातं आणि लगेच खाली येतं. बोट नेमकं कुठं वर गेलं ते कव्हरवर पेन्सिलीनं टिपून ठेवा. कव्हर काकांचं आहे, विचारून टिपा.