टिकाऊ पनीर

चीजच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणं हा माझा निवृत्तीनंतरचा छंद. 'प्रिझर्व्हेटिव्ह 200, 234' असं दिसलं की कुणीतरी आपल्या कुटुंबावर विषप्रयोग करतंय, अशी माझी खात्री पटते. यातलं 234 म्हणजे निसिन. दुधातलाच एक जिवाणू ते तयार करतो आणि 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ते सुरक्षितही ठरवलं होतं. हे मला वेळेवर कळलं असतं, तर आमच्या मंडळातली थोडी इज्जत शाबूत राहिली असती.

म्हणून पनीर घरीच करायचं ठरवलं. पण तो नवतपा होता. मे सरताना रायपुरात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो, वीज जाते आणि फ्रिजचं कपाट होतं. पनीरमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे अशा दिवसांत सकाळचं पनीर दुसऱ्या दिवशी हाताला बुळबुळीत लागतं. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल जिवाणूंच्या पेशींचा पडदाच फाडतात, आतलं सगळं बाहेर गळतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. झालं! हीच तेलं पनीरमध्ये घालून बघायचं मी ठरवलं. "अहो, गावात दुग्धतंत्रज्ञानाचं कॉलेज आहे, कृषी विद्यापीठ आहे, कुणाला तरी विचारा," असं सौ. म्हणाली. संशोधक माणूस असा कुणाला विचारत फिरत नाही.

गोलबाजारात ओव्याचं आणि लवंगेचं तेल मिळालं. "खाने के लिए या लगाने के लिए?" दुकानदाराने विचारलं. "पनीर में डालना है," मी म्हणालो. त्याने पैसे आधी मागितले.

पहिल्यांदा तेल उकळत्या दुधात टाकलं. ही तेलं उडून जाणारी, ती वाफेबरोबर निघाली आणि पनीर सोडून बाकी सगळ्यांचं रक्षण करू लागली. पडदे, उशा, देवघर, सगळ्याला ओव्याचा वास. शेजारच्या काकू 'कुणाचं पोट बिघडलं?' म्हणून विचारून गेल्या. दूधवाला दारातूनच म्हणाला, "का बस्सावत हे, बाबूजी?"

मग तेल निथळलेल्या पनीरमध्ये मळलं. वास छान बसला, पण पनीर ठरल्या वेळी आंबलंच. पुन्हा वाचन केलं. जंतू नांदतात पाण्यात आणि हे तेल जाऊन मुरतं स्निग्धांशात. आमचं दूध म्हशीचं, त्यामुळे मुरायला जागा ऐसपैस. शिवाय उरलंसुरलं तेल प्रथिनं धरून ठेवतात. प्रयोगशाळेतल्या बशीत जेवढ्या तेलाने जंतू मरतात, त्याच्या कितीतरी पट चीज-पनीरला लागतं. तिथवर पोहोचेपर्यंत जंतूंआधी जेवणारा हात टेकतो. म्हणून जाणकार लोक तेलाचा थोडासाच अंश वापरतात, त्याला थंडाव्याची नाहीतर चांगल्या पॅकिंगची जोड देतात. एवढं सगळं समजल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी मात्रा वाढवली.

नेमकं त्याच आठवड्यात मंडळाचं सहभोजन होतं आणि मटर-पनीर आमच्याकडे होतं. सौ.ने दुकानातून वेगळं पनीर आणायची तयारी दाखवली, तेव्हा मी विज्ञानावर एक छोटं भाषण दिलं. पातेल्याचं झाकण उघडलं आणि पंगतीतले एक दंतवैद्य ताठ बसले. "कुणाची दाढ भरलीय का हो?" त्यांनी आजूबाजूला बघत विचारलं. दाढ भरताना ते वापरतात त्या लेपातही युजेनॉलच असतं. युजेनॉल जीभ बधिर करतं, हे मात्र त्यांनी सांगायच्या आत लोकांना कळलं. पुढची जिलबी कुणाला गोड लागली नाही. आभारप्रदर्शन करणाऱ्या गृहस्थांचे सगळे 'स' 'थ' झाले होते, आणि नेमक्या माझ्या नावात दोन 'स' आहेत.

उरलेलं पनीर घरी आलं. वीज गेली, आली, पुन्हा गेली. पनीर पांढरंशुभ्र, ना बुरशी ना आंबूस वास. मी विजयाने डबा सगळ्यांना दाखवत फिरलो. कुणी चव घ्यायला तयार नव्हतं. सासूबाईंनी तेवढी एक वडी मागून घेतली, आणि फडक्यात बांधून गुडघ्याला लावली.