साखरबाई, दुपारी अडीच वाजता तुम्ही कुठे होतात?

श्रीमती साखरबाई,
मु. पो. रक्त, व्हाया यकृत

स. न. वि. वि.

सर्वप्रथम अभिनंदन. यंदाच्याही तपासणीत तुम्ही उपाशीपोटी ९७ आलात. रिपोर्टात शेजारी छापलेल्या ७० ते ९९ च्या मापात अगदी नेमक्या बसलात. लॅबमधल्या मुलाने 'नॉर्मल आहे, मॅडम' म्हणून कागद हातात दिला, नवऱ्याने 'बघ, मी म्हणत नव्हतो?' म्हटलं आणि सासूबाईंनी त्या आनंदात शिरा केला. रात्रभर उपास करून, सकाळी साडेसातला, तोंड धुऊन, केस विंचरून हजर होणाऱ्या बाईवर संशय घेणार तरी कोण?

मला फक्त एवढंच सांगा, त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता तुम्ही कुठे होतात?

माझ्याकडे साक्षीदार आहेत. आठवी ब चा अख्खा वर्ग. एक वाजता स्टाफरूममध्ये डबा खाल्ला: दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शेजारच्या बाईंनी आग्रहाने वाढलेला मसालेभात. अडीचला फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले. साडेचारला हातातला खडू थरथरत होता, मानेवर घाम, छातीत धडधड, आणि भूक अशी की मुलांची दप्तरं तपासावीशी वाटली. बिस्किटं आणि गोड चहा पोटात गेला की पंधरा मिनिटांत सगळं शांत. तुम्ही सफाईने सटकता आणि नाव दुसऱ्याचं पुढे होतं. कुणी म्हणालं पित्त, कुणी बीपी, कुणी 'चाळिशी उलटली की व्हायचंच'. एका डॉक्टरांनी सकाळचा कागद बघून 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला दिला. फी घेतली तीही टेन्शन न घेता.

तुमची कार्यपद्धती आता माझ्या ध्यानात आली आहे. रात्री तुमचा कारभार यकृत बघतं. ते थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं, आणि तेवढ्यापुरतं इन्शुलिन आजारी पडू लागलेलं स्वादुपिंडही पुष्कळदा वर्षानुवर्षं पुरवतं. म्हणून सकाळी तुम्ही सज्जन. खरी परीक्षा ताट समोर आल्यावर. घास पोटात गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत इन्शुलिनचा जो झोत सुटायला हवा, तोच सगळ्यात आधी मंदावतो. मग तुम्ही बिनधास्त चढता. स्वादुपिंडाला जाग येते उशिरा, आणि मग ते कधीकधी गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन ओततं. तोवर भात पचून गेलेला असतो. तुम्ही घसरता, शरीर ॲड्रेनलिनला हाक मारतं, आणि थरथर, घाम, धडधड हा सगळा तमाशा त्याचा. त्यावर उतारा म्हणून बिस्किटं, आणि बिस्किटांवर तुम्ही पुन्हा वर.

न्यायाला धरून हेही सांगते, की प्रत्येक थरथरीचा गुन्हा तुमच्या नावावर नोंदवता येत नाही. थायरॉइड असतं, ॲनिमिया असतो, नुसती धास्तीही तेवढंच करू शकते. ॲलन व्हिपल नावाच्या अमेरिकी सर्जनने यासाठी तीन अटी घालून ठेवल्या आहेत: त्रास व्हायला हवा, त्याच वेळी मोजलेली साखर कमी भरायला हवी, आणि साखर वर आल्यावर त्रास थांबायला हवा. म्हणून एके दिवशी थरथर चालू असतानाच बोट टोचलं. तुम्ही ६१. फार खोल नव्हे. मधुमेह नसलेल्या माणसात ५५ च्या खाली गेलं की डॉक्टर खुर्चीत सावरून बसतात. शिवाय १०० च्या खालच्या आकड्यांना चांगल्या ग्लुकोमीटरलाही १५ इकडेतिकडे माफ असतात. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निदान होत नाही, पण चौकशी उघडायला तो पुरेसा आहे.

आता तुमच्या साथीदारांविषयी. आमच्याकडे माणसं रक्त द्यायच्या आधी चार दिवस गोड सोडतात. आमचे एक काका जेवणानंतरच्या तपासणीला अर्धी भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ खाऊन लॅबपर्यंत चालत जातात, रिक्षा नको म्हणतात आणि १३२ चा कागद शेजाऱ्यांना दाखवतात. त्या रात्री श्रीखंड. हा आजार शोधायचा नसून परीक्षेत पास व्हायचं आहे, अशी या मंडळींची ठाम समजूत. तुमची चंगळ आहे, बाई. नळीत कोंडलं तरी तुम्ही निसटायला बघता. रक्तातल्या पेशीच तुम्हाला तासाला पाच-सात टक्क्यांनी गट्ट करतात, म्हणून त्या राखाडी टोपणाच्या नळीत फ्लोराइड घालावं लागतं.

आणि माझी अंगकाठी. 'तू एवढी बारीक, तुला कसली शुगर?' हे वाक्य ऐकून तुम्हाला किती हसू येत असेल! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक हातपाय आणि आत, पोटाभोवती दडवलेला साठा, हे आपल्याकडे सर्रास. माझे वडीलही काटकच होते. त्यांच्या बाबतीत तुमचा पत्ता लागला तो डोळ्यांच्या डॉक्टरांना, पडदा खराब झाल्यावर. याबद्दल तुमच्याशी विनोदाने बोलणं मला जमणार नाही.

म्हणून शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि स्पष्ट म्हटलं, मला ग्लुकोज पाजून तपासा. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, पोळी-भात सोडायचा नाही, रात्रभर उपास, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं आणि गुपचूप बसून राहायचं. फेऱ्या नाहीत, चहा नाही. ती चव म्हणजे शंभर पेढ्यांचा सूड. सकाळी तुम्ही नेहमीच्या तोऱ्यात ९८. दोन तासांनी १८६.

सापडलात! २०० च्या पुढे गेला असतात तर मधुमेहाची शंका आली असती, आणि लक्षणं ठळक नसतील तर तपासणी पुन्हा करून ती पक्की करावी लागली असती. १४० ते १९९ हा मधुमेहाआधीचा पट्टा. उपाशीपोटी १२६ होईपर्यंत वाट बघत बसले असते, तर तुम्ही किती वर्षं मजेत काढली असती कोण जाणे.

तुमच्या वकिलांनी तीन महिन्यांच्या सरासरीचाही कागद पुढे केला होता: एचबीएवनसी ५.६, 'म्हणजे ठीकच'. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेल्या साखरेवरून हा आकडा काढतात, त्यामुळे तपासणी मोलाची आहेच. पण सरासरीत तुमचं चढणं आणि घसरणं एकमेकांना झाकून टाकतं. शिवाय लोह कमी असेल तर आकडा फुगतो, आणि बराच रक्तस्राव झालेला असेल तर तो खाली येतो. देशातल्या अर्ध्याहून अधिक बायकांना ॲनिमिया आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. तेव्हा त्या एका कागदावर तुम्हाला सोडून द्यायला मी तयार नाही.

आता थोडी धमकी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी माझ्यासारख्याच, याच पट्ट्यात सापडलेल्या माणसांचा सुमारे अडीच-तीन वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ साली निकाल छापला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणं आणि खाणं यांवर सतत लक्ष ठेवलेल्या गटात ३९ टक्क्यांना. फरक जादूचा नाही, पण तुमची झोप उडवायला भरपूर आहे. माझ्या डब्यात आता आधी कोशिंबीर आणि उसळ, मसालेभात दोन घास, आणि जेवणानंतर शाळेच्या मैदानाला फेऱ्या. मुलं खिडकीतून हसतात. हसू देत. सहा महिन्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम पिणार आहे.

कळावे. लोभ आहे, तो कमी करावा, ही विनंती.

आपली,
आठवी ब ची वर्गशिक्षिका

ता. क. – माझ्या धाकट्या बहिणीला सहावा महिना लागलाय. गरोदर बायकांच्या सरकारी तपासणीत उपाशी येण्याची अटच नाही. जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तास, आणि १४० ला पकडतात. पहिल्या तपासणीत तुम्ही निसटलात. दुसरी येत्या मंगळवारी आहे, आणि तिच्यासोबत मी जाणार आहे.