उरलेल्या फाइलींचा सीमाप्रश्न

लिनक्सची नवी आवृत्ती चढवल्यानंतर मागे जे उरते त्याचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : कोणासही नको झालेली पॅकेजे, कर्नलच्या म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या प्रती, आणि मूळ प्रोग्राम गेल्यावरही त्याची मांडणी जपून ठेवणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइली. डेबियन व उबुंटू यांच्या पॅकेज-यादीत या तिसऱ्या वर्गापुढे ‘आरसी’ अशी खूण असते. ‘आर’ म्हणजे काढलेले, ‘सी’ म्हणजे कॉन्फिगरेशन तेवढे उरलेले. ‘रिमूव्ह’ ही आज्ञा बिऱ्हाड हलवते, तर ‘पर्ज’ भिंतीतले खिळेही उपटते.

काढलेल्या गोष्टींची नावेही अशीच मागे उरतात, म्हणून येथे नामांतराचा विषय टाळता येत नाही. उबुंटूच्या आवृत्त्या एप्रिल व ऑक्टोबरात निघतात. बेळगावच्या आवृत्त्यांना मात्र १ नोव्हेंबरच मानवतो. १९५६ मध्ये त्याच तारखेस चंदगड तालुका वगळता हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्याच तारखेस म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये त्याच तारखेस शहर अधिकृतपणे बेळगावी झाले. तरी रेल्वेच्या तिकिटावर स्थानकाचा जुना संकेत ‘बीजीएम’ शिल्लक आहेच. संगणकविश्वही याहून निर्मोही नाही, कारण कालविभागांच्या जागतिक नोंदीत ‘आशिया/कलकत्ता’ हे जुने नाव ‘आशिया/कोलकाता’कडे बोट दाखवत अजून उभे आहे.

प्रस्तुत लेखक बेळगावच्या टिळकवाडीतील आपल्या गल्लीचा संगणक-महामहोपाध्याय असल्याची त्याची स्वतःची खात्री असल्यामुळे, त्याने एका संध्याकाळी सर्व ‘आरसी’ नोंदी पर्ज केल्या, त्याच भरात कन्नड फॉन्टही अनावश्यक ठरवले आणि दोन जीबी जागा मोकळी केल्याचे वृत्त निपाणीच्या मेहुण्यास फोनवरून सविस्तर कळवले. दुसऱ्या दिवशी शेताचा उतारा उघडताच पडद्यावर अक्षरांऐवजी तंबाखूच्या रोपांच्या वाफ्यांसारखे रिकामे चौकोन ओळीने दिसू लागले, तेव्हा सरकारी संकेतस्थळ बिघडल्याचे निदान त्याने तत्काळ केले. शेजारच्या कॉलेजकुमाराने मात्र एकदाच डोकावून सांगितले, “काय ओ काका, कन्नडचा फॉन्टच काढून टाकलासा की!”

या वाक्याने झालेली जखम केवळ अहंकाराची नव्हती. कन्नड अर्जापुढे मुकाट उभे राहण्याचा राग ज्याने वडिलांपासून वारशाने घेतला, जो स्वतःच मुंबई राज्य गेल्यावर उरलेली एक ‘आरसी’ नोंद आहे, त्यानेच शेजाऱ्याची लिपी पुसावी, यात तर्क नव्हता आणि शोभाही नव्हती. लिनक्समध्ये मराठीचे सांकेतिक नाव ‘एमआर’ या भाषेच्या आणि ‘आयएन’ या देशाच्या अक्षरांनी बनते, कन्नडचे ‘केएन’ व त्याच ‘आयएन’ने, राज्याचे नाव लिहिण्यास मध्ये जागाच ठेवलेली नाही, आणि एवढ्यावर दोन्ही भाषा एकाच यंत्रात बिनतक्रार नांदतात.

कन्नड फॉन्ट त्याच रात्री परत बसवण्यात आले. त्यांनी व्यापलेली जागा काही एमबी भरली. हा आकडा मेहुण्यास अद्याप कळवण्यात आलेला नाही.