सत्तर लाखांचे मामा

हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घातली की माणसं पट्टी घेऊन गावाकडची गाडी धरतात. मामा मात्र चहाच्या टपरीवर बैठक मारतात आणि बंडीच्या आतल्या खिशातून चंची काढतात. सुपारीच्या खांडांत एक तांब्याचं नाणं. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान. दुसरीकडं ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८.

"सत्तर लाख," मामा दबक्या आवाजात सांगतात. टपरीवाल्यानं ऐकलं तर तो मागची उधारी काढेल.

कुणीतरी शिकलेला भाचा म्हणतो, "मामा, कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. देवळाबाहेर विकायला केलेलं टोकन आहे हे."

"पाडलंच न्हाई ना? म्हणून तर दुर्मीळ हाय!"

मध्यंतरी एका 'साहेबा'चा फोन आला होता. रिझर्व्ह बँकेची फी आधी भरा, मग रक्कम खात्यात. मामांनी भरली नाही. "सत्तर लाखातून कापून घ्या की," म्हणाले, आणि साहेबानं फोन ठेवला. बँक जुनी नाणी विकत घेत नाही, असली फीही घेत नाही, असं तिनं २०२१ साली जाहीर सांगितलंय. मामांना ते पटत नाही. "बँकेला काय कळतंय? तिथं फाटकी नोट घेताना तोंड वाकडं करतेत."

खरा माल मामींच्या पेटीत. १९४८ पर्यंत आपण निजामाकडं, त्यामुळं चारमिनारचा हाली रुपया इकडं बऱ्याच घरांत निघतो. अकरा ग्रॅमच्या वर वजन, त्यात सुमारे ८२ टक्के चांदी. चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अलीच्या नावातलं 'ऐन' हे अक्षर. राजवटीच्या सुरुवातीच्या, १९११ च्या सुमाराच्या काही रुपयांवर ते अर्धंच उमटलंय. संग्राहक भिंग घेऊन नेमकं तेच शोधतात.

मामींचा रुपया दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेनं घासला जातो. आरशासारखा लखलखतो. कमानीत आता अर्धंही नाही, पुरतंही नाही.

"त्याचं काय," मामा म्हणतात, "चांदीच्या भावानं जाईल."

तुमच्या पेटीत असा रुपया असेल तर त्याला चिंच, राख, ब्रश काही लावू नका. आधी जाणत्याला दाखवा. रामदरबार हवा असेल तर मामांना भेटा. ते आता पासष्ट लाखांवर आलेत.