ॲडमिन पाहिजे

नांदगाव पेठेत एमआयडीसी आहे, वीज प्रकल्प आहे, टोलनाका आहे, पोलीस ठाणंही आहे. पण गावाचा खरा कारभार चालतो तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, आणि तिथं सगळ्यात हाल कुत्रं खात नाही ते ॲडमिनचे. सरपंचाला निदान मानधन तरी मिळतं.

परवा नळाच्या पाण्यावरून एकानं दुसऱ्याची जात काढली. ॲडमिननं मेसेज उडवला. झालं! ‘ॲडमिननं डिलीट केला’ ही पाटी दिसली आणि दुपारी लवंडलेलं गाव उठून बसलं. “काय होतं बाप्पा त्यात?” “मले परसनलवर टाक ना बे!” स्क्रीनशॉट निघाले. संध्याकाळपर्यंत ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनाही मजकूर पाठ होता. मग ॲडमिनला फोन. पहिला, “काऊन रे, माहाच मेसेज दिसला तुले? तो माह्या बापाले बोलला तवा कुठी होता?” लगेच दुसरा, “इतका वेळ ठेवलाच काऊन?”

कोर्टानं या माणसावर दया केली होती. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनच्या प्रकरणात नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ रोजी सांगितलं, की दोघांचा हेतू एक असल्याचं दिसल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. माणसं घेणं-काढणं एवढंच त्याच्या हाती, मजकूर आधी तपासणं नाही. पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲप कंपनीनं त्याच्या हातात कुणाचाही मेसेज पुसायचं बटण दिलं आणि ग्रुप १,०२४ जणांपर्यंत वाढवू दिला. एवढ्या वस्तीला चौकीदार, तोही बिनपगारी! धंदा कसा करावा, हे शिकावं यांच्याकडून.

२०२१चे आयटी नियम आले तेव्हा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला तक्रार निकाली काढायला १५ दिवस दिले होते. आमच्या ॲडमिनला जेवणाचं ताट संपवू देत नाहीत.

बरं, सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेनं पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, असं जाहीर केलं. अफवेला रेशनकार्ड मिळालं. नोव्हेंबर २०२१मध्ये आमची अमरावती पेटली, मे २०२३मध्ये एका पोस्टवरून अकोला. दोन्ही वेळा सरकारला एकच औषध सुचलं, इंटरनेट बंद. भडकवणाऱ्याचं तोंड सापडलं नाही, म्हणून चहावाल्याचा क्यूआर कोड दंगलखोर ठरला.

शेवटी आमचा ॲडमिन ग्रुप सोडून गेला. एकटाच ॲडमिन गेला की व्हॉट्सॲप आपणहून दुसऱ्या कुणाला तरी गादीवर बसवतं. ना निवडणूक, ना आरक्षण. मान मिळाला तो रोज पहाटे गुलाबाची फुलं पाठवणाऱ्या काकांना. त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं, आता ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो. परत कसं दाबायचं ते त्यांना ठाऊक नाही, आणि सांगायला कुणी जातही नाही.

तरीही कुणाला हे पद हवं असेल तर काकांना घरी जाऊन भेटावं. ग्रुपवर अर्ज टाकता येणार नाही.