आता काय, पाडायचीच आहे!

पार्ल्यात पूर्वी जून महिना आला की माणसं एकमेकांना ‘किती टक्के?’ असं विचारायची. प्रश्न दहावीला बसलेल्या मुलाबद्दल असायचा. आता तोच प्रश्न बारा महिने विचारला जातो, कारण मुलं अमेरिकेला गेली आणि टक्के इमारतींना पडायला लागले. सध्याच्या कार्पेटवर किती टक्के जास्त जागा, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन. ‘आम्हाला पस्तीस’ म्हणणाऱ्याकडे चाळीसवाला ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पाहिलेली आहे. त्यात थोडी कीव असते आणि पेढा देण्याची घाई असते.

आमची इमारत पार्ले पूर्वेला आहे. तळ अधिक तीन, लिफ्ट नाही. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मीच विषय क्रमांक चार होईन. पुनर्विकासाची चर्चा आमच्याकडे इतकी जुनी आहे, की ती ऐकत ऐकत वाढलेल्या मुलांची आता त्यावर मतं आहेत आणि ती आईवडिलांच्या विरुद्ध आहेत. मुंबईत इतरांना नडतो तो बिल्डर. आम्हाला त्याशिवाय विमानतळही नडतो. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या कित्येक इमारती विमानांच्या येण्याजाण्याच्या वाटेखाली येतात आणि तिथं किती उंच जायचं हे विमानतळ प्राधिकरण ठरवतं. एफएसआय कागदावर मिळतो, तो वापरायला वर जागा नसते. दर काही मिनिटांनी एक विमान डोक्यावरून जातं आणि आमचे तिसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीतून त्याच्याकडे असं बघतात, जणू त्यात बसलेल्या प्रत्येकानं त्यांची एक बेडरूम नेली आहे.

शेजारच्या सोसायटीचा प्लॉट ऐसपैस होता. त्यांना आडवं पसरता आलं. आमचा चिंचोळा, आम्हाला उभंच वाढायला हवं. ती इमारत पाडायला घेतली त्या दिवशी आमच्या जिन्यात पेढे वाटले गेले. आमच्यातल्याच एकानं वाटले. ‘त्यांचं झालं, म्हणजे आता आपलंही होणार,’ असं म्हणत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दोन घेतले.

या पेढ्यांचं शास्त्र आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ सालीच लिहून ठेवलं आहे. हा माणूस जन्मानं बर्लिनचा. नाझींच्या तावडीतून स्वतः निसटला आणि मार्सेमध्ये राहून इतरांनाही निसटायला मदत केली. तेव्हा अडकून पडणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो म्हणतो, समजा एका बोगद्यात एकाच दिशेला जाणाऱ्या दोन रांगा आहेत आणि दोन्ही ठप्प आहेत. थोड्या वेळानं शेजारची रांग हलते. तुम्ही जागचे हललेले नसता, तरी बरं वाटतं, कारण पुढे काहीतरी मोकळं झालं, आता आपलाही नंबर लागणार. पण ती रांग चालतच राहिली आणि तुम्ही तिथंच, की मग डोकं फिरतं आणि माणूस गाडी आडवी घालायला तयार होतो. देश श्रीमंत होऊ लागला की शेजाऱ्याची श्रीमंती लोक काही काळ आनंदानं सोसतात आणि मग सोसेनाशी होते, असं त्याचं म्हणणं. एक अट मात्र त्यानं घातली होती. पुढे जाणारा माणूस आपल्यातला वाटायला हवा, तरच धीर टिकतो.

शेजारचे अगदीच आपल्यातले होते. शाळा तीच, वाचनालय तेच, गणपतीला उकडीचे मोदक देणाऱ्या बाईही त्याच. त्यामुळे आमचा आनंद बराच टिकला. जोत्यापर्यंत आम्ही त्यांचे शुभचिंतक होतो. चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा आम्ही विषय बदलू लागलो. आठव्या स्लॅबला आमच्याकडून महापालिकेत धुळीची तक्रार गेली. धूळ पहिल्या दिवसापासून होती.

याहून वाईट परिणाम घरात झाला. एकदा इमारत पडणार असं ठरलं, की तिच्यात राहणं थांबतं. माणसं नुसती मुक्कामाला असतात. ‘आता काय, पाडायचीच आहे!’ या एका वाक्यावर आमच्या सोसायटीनं रंग काढला नाही, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं नाही, जिन्यातला दिवा बदलला नाही. काकूंच्या ओट्याची कडाप्पा फरशी मधोमध चिरली, त्यावर त्या पोळपाट तिरका ठेवून पोळ्या लाटतात आणि पोळीही तिरकीच होते. तळमजल्यावरच्यांनी सोफा घेतला नाही, कारण नव्या हॉलचं माप ठाऊक नाही. त्यांच्या मुलानं लग्न लांबवलं, कारण नव्या घरात करू. मुलगी थांबली नाही. आमच्या बाथरूममधलं बेसिन खालून गळतं, त्याखाली बादली असते आणि ती भरली की कुणी उपसायची यावरून आमच्यात जे बोलणं होतं, त्याला संसार म्हणतात. एक आजोबा तर संमतिपत्रावर सही करून, दोन प्रती झेरॉक्सला देऊन गेले. तेराव्याला लोक हळहळले, आणि जेवणं झाल्यावर कुणीतरी हलकेच विचारलं, वारसनोंद केली होती ना?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याकडे सांगतात. पण अंथरूण वाढवून मिळणार आहे असं लेखी आल्यावर काय करायचं, ते कुणी सांगितलेलं नाही. आम्ही पाय आखडून बसलो आहोत.

माणसं किती समाधानी आहेत हे मोजायला जगभर एक शिडी वापरतात. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन संशोधकाची ती कल्पना. शून्य ते दहा पायऱ्या. वर तुम्हाला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, तळाला सर्वांत वाईट. तुम्ही कितव्या पायरीवर? जागतिक आनंद अहवालातले क्रमांक याच उत्तरांवरून लागतात. २०१८ पासून फिनलंड पहिला येतो आहे आणि २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा होता. फिनलंडचं मला फारसं कौतुक वाटत नाही. अख्ख्या देशाची लोकसंख्या मुंबईच्या निम्मी नाही. शेजारीच नसतील तर जळणार कुणावर? तीच शिडी आमच्या काकांना दाखवा. ते वर बघणार नाहीत, बाजूला बघतील आणि शेजारच्याची शिडी कुठल्या कंपनीची, हे विचारतील. शिवाय गुडघे दुखत असताना पायऱ्यांबद्दल प्रश्न विचारणं हे मुळात बरं नव्हे.

म्हणून मी कुणाला संतोषाचा उपदेश करणार नाही. तो करणाऱ्यांच्या घरी बहुधा दोन बाथरूम असतात. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सार्वजनिक. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं एका खोलीत पिढ्या वाढवलेल्या माणसाला ‘हाव बरी नव्हे’ असं सांगणारा माणूस आचरट समजावा. त्यांची इच्छा नळाची होती, दाराला आतून कडी असलेल्या संडासाची होती. आमचं दुखणं निराळं. आम्हाला नळ आहे. आम्हाला शेजाऱ्याच्या नळासारखा नळ हवा.

आणि शेजारी? ते राहायला आले, वास्तुशांत झाली, आम्ही जेवलो. आधी मला वाटलं, निदान ही माणसं आता सुखात असतील. १९९५ साली काही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बार्सिलोना ऑलिंपिकच्या चित्रफिती तपासल्या तेव्हा त्यांना रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खुशीत दिसले होते. रौप्यवाल्याला हुकलेलं सुवर्ण दिसतं, कांस्यवाल्याला पदकावाचून परतलेला चौथा. शेजारी ते जिन्यासकट बघायला मिळालं. सर्वांत वरचा मजला एका चिठ्ठीनं हुकलेले गृहस्थ वास्तुशांतीतही हात धुवायला आल्यासारखे वावरत होते. ज्यांच्या शेअर सर्टिफिकेटवरून भावाभावांत कज्जा होता आणि ज्यांना घर मिळतंय की नाही हीच धाकधूक होती, ते बाल्कनी नसलेल्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाला घेऊन फिरत होते. खिडकी उघडून दाखवत होते. खिडकीतून आमची गच्ची दिसत होती. बाकीच्यांनी मेंटेनन्स चौपट झाल्याची, पार्किंगचं मशीन अडकल्याची आणि पलीकडच्या गल्लीतल्या नव्या टॉवरला पोहण्याचा तलाव असल्याची तक्रार केली. जिममध्ये कपडे वाळत होते.

परतल्यावर मी प्लंबरला बोलावलं आणि बेसिन बदलून घेतलं. पांढरं, साधं, न गळणारं. त्या संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः तीन जिने चढून आले, बेसिनकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे तुमचा पुनर्विकासाला विरोध आहे असं समजायचं का?’ दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. साहेबांना समक्ष भेटायचंय. काकूंनी जिन्यात बोलणं कमी केलं आहे. तळमजल्यावर अशी बातमी आहे, की मी वकील लावला.

नियमाप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर लागतात आणि मंजुरीला एकूण सभासदांपैकी ५१ टक्के. सभा येत्या रविवारी आहे. वाचकांत आमच्या सोसायटीचं कुणी असेल, तर कृपया आधीच सर्वांना कळवावं: माझं मत होकाराचंच आहे, वकील वगैरे कुणी नाही, बेसिन गळत होतं.