शॉकअप आणि स्पीडब्रेकर

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं. आमच्या गल्लीतल्या मारुतीला हे अजून कुणी कळवलेलं नाही. तिचे शॉकअप गेलेत. तपासणी सोपी: मेकॅनिक बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबतो आणि सोडतो. गाडी वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर पाकीट काढा.

गाडीचं वजन खरं तर स्प्रिंग पेलते. शॉकअपच्या नळीतलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि स्प्रिंगची उसळी जिरते. नळीवर तेलकट धूळ दिसली की समजायचं, सील गेलं. बदलायचे जोडीनं; पण ‘एकच टाका, दुसरा दिवाळीनंतर बघू’ हे गिऱ्हाईकाचं ठरलेलं वाक्य. पुढचे बदलल्यावर अलाइनमेंट हवीच, नाहीतर टायर एका कडेनं झिजतात.

एवढं करून गाडी निघते ती थेट कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आमच्याकडे रुंदीची काटकसर उंचीत भरून काढलीय. पांढरे पट्टेही नाहीत. मेकॅनिकची मात्र त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही.